डोंबिवलीचा जुना वन बीएचके विकायचाय, दीड लाखात काय काय करून घेऊ?

मृण्मयी_डोंबिवली:
नमस्कार. पूर्वेला आईच्या नावावर वन बीएचके आहे. १९९४ची बिल्डिंग, तिसरा म्हणजे सगळ्यात वरचा मजला, लिफ्ट नाही. आई आता आमच्याकडेच असते, म्हणून विकायचं ठरलंय. हाताशी दीड लाख आहेत. भाऊ म्हणतो किचनला ट्रॉल्या आणि हॉलला फॉल्स सीलिंग कर. बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला दर पावसाळ्यात पोपडे सुटतात, बाथरूममागच्या भिंतीला बाराही महिने ओल असते. एजंट म्हणतो, रंग मारा, कोणाला कळत नाही. मला ते पटत नाही. घेणारा आयुष्यभराची कमाई लावणार. पैसे कुठे घालू?

रंगारी_काका_ठाणे:
ताई, पटत नाही तेच बरोबर आहे. आयुष्य रंगकामात गेलं माझं. ओल्या भिंतीवर पुट्टी ओढून रंग मारला तर एक पावसाळा काढत नाही. आणि हल्ली गिऱ्हाईक सोबत माहीतगार माणूस आणतं, तो आधी कपाट सरकवून मागे हात लावून बघतो. ताज्या रंगाखाली ओल सापडली की बाकीच्या घरावरचाही विश्वास उडतो.

आधी ओल कुठून येते ते शोधा. बेडरूमच्या भिंतीवर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवा, दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतूनच येतंय. मग बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा आणि गच्ची बघायची. ते काम सोसायटीचं, आजच लेखी अर्ज द्या.

बाथरूमचं निराळं. त्या काळातल्या बिल्डिंगमध्ये भिंतीत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप असायचे, ते आतून गंजतात. घर रिकामं आहे ना, मग मेन कॉक आठवडाभर बंद ठेवा. ओल हटायला लागली तर पाइपच. तो बदलून सीपीव्हीसी, म्हणजे न गंजणारा प्लास्टिकचा पाइप टाका. ओल तशीच राहिली तर नहाणी ट्रॅपला, म्हणजे पाणी जायच्या भोकाला, बोळा कोंबून लादीवर दोन इंच पाणी भरा, पेन्सिलीने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी बघा. उतरलं असेल तर लादी काढून खालपासून वॉटरप्रूफिंग करावं लागेल. नुसतं सांध्यांत व्हाइट सिमेंट भरून भागत नाही.

भिंत पूर्ण सुकल्यावरच प्रायमर आणि फिकट रंग. उरलेल्या पैशात जुने कटआउट (फ्यूज) काढून एमसीबी आणि ईएलसीबी (शॉर्ट सर्किट झालं किंवा शॉक बसला की वीज आपोआप तोडणारे स्विच) बसवा, पिवळे पडलेले स्विचबोर्ड बदला, स्लायडिंग खिडक्यांची चाकं घाला, सिंकचा नळ नवा लावा. ओटा धड असेल तर हात लावू नका. ट्रॉल्या घर घेणारा आपल्या मनासारख्या करतो, तुमच्या त्याच्या आवडीच्या निघतीलच असं नाही. फॉल्स सीलिंग तर नकोच. वरच्या मजल्यावर लोकांना वाटतं, गळती झाकलीय.

सुजाता_पाटील_कल्याण:
काकांशी सहमत. एक भर घालते. किचनची भिंत पाडायचा विचार असेल तर थांबा. बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, मंजूर नकाशाशी ताडून बघतो, तिथे खरेदीदाराचं कर्ज अडकू शकतं. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मूळ करारनामा, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), मालमत्ता कराच्या पावत्या, ओसीची (भोगवटा प्रमाणपत्राची) प्रत एका फाइलीत लावा. ओसी नसेल तर बऱ्याच बँका मागेपुढे पाहतात, ते आधीच सांगा. बिलं जपा, पण विक्रीच्या नफ्यावरचा कर काढताना नुसता रंग आणि डागडुजी भांडवली खर्चात धरत नाहीत. आईने घर १ एप्रिल २००१च्या आधी घेतलं असेल तर त्या तारखेची किंमत मूळ खर्च म्हणून धरता येते, त्यासाठी सीएंना विचारा.

मृण्मयी_डोंबिवली:
काका, प्लास्टिक लावलं होतं. भिंतीकडच्या बाजूला थेंब आहेत. सोसायटीला अर्ज दिला. सेक्रेटरी म्हणतात गच्चीचं काम दिवाळीनंतर. तोवर बाथरूम उरकून घेऊ का?

रंगारी_काका_ठाणे:
हो, बाथरूम आणि वायरिंग आत्ताच करा. बेडरूमच्या भिंतीचे पोपडे खरवडून ती उघडी ठेवा, हवा लागू दे. गिऱ्हाईक आलं तर अर्जाची पोच दाखवा. रंग गच्ची झाल्यावरच.