उसातले बिबटे मोजायला गणित कशाला?

(टोपणनावांनी लिहिणाऱ्या निफाडकरांची चर्चा)

गोदाकाठी: वस्तीवर परवा पुन्हा बिबट्यासाठी पिंजरा लागला. लगेच टपरीवर आकडे सुरू. कुणी म्हणे तालुक्यात पन्नास बिबटे, कुणी म्हणे दोनशे. माझं म्हणणं, कॅमेरे लावा आणि गणिताने मोजा. बिबट्याचे ठिपके म्हणजे त्याचा अंगठा, दोघांचे सारखे नसतात. समजा (आकडे उदाहरणापुरते) पहिल्या फेरीत 6 बिबटे टिपले, दुसऱ्या फेरीत 6, आणि त्यातले 3 ओळखीचे निघाले. दुसऱ्या खेपेला निम्मेच ओळखीचे, याचा अर्थ पहिल्या खेपेला आपण एकूणातले निम्मेच पाहिले होते. म्हणजे सगळे मिळून साधारण 12. शेजारच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांनी याच तत्त्वाच्या पुढच्या पायरीवर काम केलं. 2013 मध्ये त्यांनी 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 प्रौढ बिबटे असा अंदाज छापला. तोही शेतशिवारात, अभयारण्यात नव्हे.

कडवा कालवा: छान. फक्त तुमचं सूत्र धरून चालतं की दोन फेऱ्यांच्या मधे कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. निफाडात? तोडणीवाल्यांची टोळी फडात उतरली की बघता बघता रान मोकळं होतं आणि मादी बछडं तोंडात धरून पलीकडच्या उसात. जंगल जागेवर उभं असतं, आमचं जंगल ट्रॅक्टरमधून कारखान्यावर जातं! शिवाय शास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी 1976 मध्येच दाखवलंय की संख्यावाढीचं एका ओळीचं समीकरणसुद्धा वाढीचा दर साधारण 3.57 च्या पुढे नेला की बेभान उड्या मारतं. मग भाकीत कसलं करता?

गोदाकाठी: तोडणीचा मुद्दा मान्य. फेऱ्या तोडणीच्या आधी उरकायला हव्यात. मे यांचं उदाहरण मात्र इथे लागू नाही. तसल्या उड्या झपाट्याने वाढणाऱ्या किड्यांच्या बाबतीत शक्य. बिबट्याची मादी एका वेताला दोन-तीन पिल्लं देते. आणि कॅमेऱ्याऐवजी पायाचे ठसे मोजून काय झालं ते राजस्थानातल्या सरिस्कात पाहिलंय ना? कागदावर वाघ होते, 2005 साली जंगलात एकही नव्हता.

रात्रीचं भरणं: दादा, 12 असोत की 20, मला काय त्याचं? थ्री-फेज लाईट रात्रीची येते, पाणी भरायला मीच जातो बॅटरी घेऊन. धरा आणि लांब सोडून या, विषय संपला.

गोदाकाठी: जुन्नरला तेच केलं होतं, भाऊ. 2001 नंतर धरलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडले आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले.

कडवा कालवा: यात गणिती मॉडेल कुठे आलं? ही तर साधी नोंदवही झाली. एवढं सूत्र सूत्र करता आणि वेळेला कामी आली नोंद.

गोदाकाठी: बरोबर, इथे नोंदच बोलली. पण हल्ले का वाढले? अनोळखी मुलखातला बिबट्या बिथरला म्हणून, की रिकाम्या हद्दीत नवे शिरले म्हणून? दोन्ही शक्यता वेगवेगळ्या मांडून आकड्यांशी ताडल्याशिवाय ते कसं ठरवणार?

थॉमसन सीडलेस: मधेच बोलतो. माझ्या द्राक्षबागेतलं हवामान यंत्र पानावरची ओल मोजतं आणि डाऊनी रोगाचा इशारा देतं. मी तो ऐकतो, पण फवारणीआधी पान उलटून बघतोच. तुमचं भांडण मला एवढंच वाटतं.

कडवा कालवा: पान उलटता येतं हो. उसात शिरून बिबट्या उलटून बघणार का?

रात्रीचं भरणं: बरं, एक कॅमेरा माझ्या बांधावर लावा. रोज रात्री पाणंदीने काहीतरी जातं, कुत्री आधी भुंकतात आणि मग एकदम गप्प होतात. फक्त मोटारीच्या पेटीला बांधू नका, वायरमन माझ्या नावाने ओरडतो.