मदत हवी आहे: कोजागिरीला मैत्रिणीला बोलावू की नको?

अर्धी_पोळी
घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. कोजागिरी आठ दिवसांवर आलीय. मला एवढंच हवंय: बोलावू की नको, आणि बोलवायचं तर कसं.

आम्ही पाचजणी. २०१६ च्या नोव्हेंबरात पुण्यात एकाच दवाखान्यात पाठोपाठ ऑपरेशनं झाली. नोटबंदीचा महिना. नवरे बँकेच्या रांगेत आणि आम्ही सलाईनचा स्टँड ढकलत कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारतोय, तिथली ही मैत्री. तेव्हापासून दर कोजागिरीला माझ्या गच्चीवर भेटतो. आधी काटा, मग दूध. शैला (नाव बदललंय) मात्र गेल्या कोजागिरीपासून गप्प आहे. ग्रुपवर नुसत्या निळ्या टिका. फोन उचलत नाही. एकदा नवऱ्याने उचलला, "ती झोपलीय" म्हणाला. दुपारी चारला! वजन वाढलंय तिचं, सगळ्यांना माहितीये. आमच्यात कसली आलीय लाज? बाकीच्या तिघी म्हणतात सोड. मला सोडवत नाही.

"थोडा वेळ द्या" असं कृपया कोणी लिहू नका. वर्ष दिलंय.

मनीमाऊ
ऑपरेशन कसलं? अपेंडिक्सचं? आणि काटा म्हणजे?

अर्धी_पोळी
अहो वजनाचं, बेरिॲट्रिक. काटा म्हणजे वजनकाटा. मला वाटलं कळेल.

बापूसाहेब_६९
हेच तर म्हणतो मी. लाखो रुपये घालवून पोट कापून घेतलं आणि वजन पुन्हा आलंच ना? मी दिवसातून दोनदा जेवतो, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत उरकतो, मध्ये पाण्याशिवाय काही नाही. ९४ चा ७९ झालो. मैत्रिणीला हा धागा वाचायला द्या.

अनिकेत_सोलापूर
बापूसाहेब, तुमचं पोट अख्खं आहे, आमचं नाही. माझी बायपास २०१४ ची (हृदयाची नाही, जठराची: छोटी पिशवी ठेवून ती थेट आतड्याला जोडतात). जठराची जी पिशवी ठेवतात ती साधारण ३० मिली, कोंबडीच्या अंड्यापेक्षा लहान. पुढे ती जरा सैलावते, तरी एका बैठकीत मावून किती मावणार? दिवसाला ६० ग्रॅम प्रोटीन तरी पोटात जायला हवं, ते दोन जेवणांत बसवून दाखवा. पाणीसुद्धा आम्ही जेवणाबरोबर पीत नाही, अर्धा तास थांबतो.

अर्धी_पोळी, मैत्रिणीची स्लीव्ह (जठर कापून नळीसारखं ठेवतात ती) की बायपास? वजन किती होतं, किती झालं?

अर्धी_पोळी
आम्हा चौघींची स्लीव्ह, तिची एकटीची बायपास. तिला आधीपासून फार जळजळ, आंबट पाणी वर यायचं, म्हणून डॉक्टरांनी बायपासच सांगितली. १२६ होती, २०१८ ला ७१, गेल्या कोजागिरीला ८९. सगळं वहीत आहे.

मनीमाऊ
वहीत?

अर्धी_पोळी
हो, पाच पानं, पाचजणी. मीच लिहिते, कोणीतरी लिहायला हवं ना. पहिली दोन वर्षं तर चढाओढ असायची, सगळ्या टाळ्या वाजवायच्या. तुम्हाला नाही कळायचं. बाहेरच्यांना आमचं काहीच कळत नाही. आम्ही बाहेर जेवायला गेलो की एक थाळी मागवून पाचजणींत खायचो. एकदा शिवाजीनगरला मॅनेजर भिंतीवरची पाटी दाखवत आला, "एका थाळीत एकानेच जेवावे". शैलाने साडीचा पदर बाजूला करून पोटावरचे पाच बारके व्रण मोजून दाखवले. पळाला तो. परत आला तेव्हा वर सोलकढीची वाटी घेऊन आला.

कोथिंबीर_जुडी
हा हा, पाटीचा किस्सा मस्त! विषयांतर होतंय, पण मसाला दुधात साखरेऐवजी खजुराची पेस्ट घाला. गोडी नैसर्गिक आणि वजनालाही बरं. माझ्याकडे प्रमाण आहे: एक लिटरला बारा खजूर, पाव चमचा वेलची, जायफळ किंचित.

अनिकेत_सोलापूर
खजूर म्हणजे साखरच आहे हो. बायपासवाल्याला बारा खजुरांचं दूध देऊ नका, प्लीज.

रत्नागिरीकर
नवीन धागा काढत नाही, इथेच विचारतो. भाचा २६ वर्षांचा, ११८ किलो. विमा कंपनी हे ऑपरेशन देते का?

टोरांटोकर
आता वजन कमी करायची इंजेक्शनं आलीत, भारतातसुद्धा. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोवी दोन्ही तिकडे आली. पोट कापायची गरजच काय?

अनिकेत_सोलापूर
नऊ वर्षांपूर्वी कापलेलं पोट परत जोडायचं का मग? प्रश्न मैत्रिणीचा चाललाय.

(रत्नागिरीकर: उंची सांगा, नुसत्या किलोवर ठरत नाही. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ४० च्या वर हवा, किंवा ३५ च्या वर आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयाचा आजार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास. पॉलिसीत लिहिलेलं असतं. प्रतीक्षा काळही बघा.)

रानमोगरा
अर्धी_पोळी, तुम्ही नेमकी ती संध्याकाळ गाळलीत. गेल्या कोजागिरीला झालं काय?

अर्धी_पोळी
काही नाही झालं. वजन केलं, दूध प्यायलो, तिला जरा गरगरलं, ती लवकर गेली.

अनिकेत_सोलापूर
गरगरलं म्हणजे किती वेळाने? घाम? छातीत धडधड?

अर्धी_पोळी
पंधरा-वीस मिनिटांनी असेल. घाम होता, ओठाच्या वर. हात थरथरत होते. जिन्यात पायरीवर बसली होती.

अनिकेत_सोलापूर
डंपिंग. बायपासमध्ये खाल्लेलं इतरांसारखं पोटात रेंगाळत नाही, गोड दूध तसंच आतड्यात उतरतं. साखर दाट असते, म्हणून आतडं अंगातलं पाणी स्वतःकडे ओढतं. मग धडधड, घाम, पोटात मुरडा, आडवं व्हावंसं वाटतं. काहींना नंतर एक ते तीन तासांनी दुसरा फेरा येतो. इन्सुलिन जास्त सुटलेलं असतं, साखर घसरते, थरथर सुटते. माझ्या मेव्हणीच्या लग्नात दोन जिलब्या खाल्ल्या आणि वरातीऐवजी गादीवर होतो. लोक म्हणाले, "घेतली वाटतं." खरं तर दारूही बायपासनंतर फार लवकर चढते, पण त्या दिवशी फक्त जिलबी होती.

स्लीव्हवाल्यांना हे कमी होतं. तुम्हाला चौघींना ते दूध पचत असेल.

तिरफळ
मी गोव्याची. माझी स्लीव्ह २०१५ ची, तिसऱ्या वर्षानंतर चौदा किलो परत आले. तेव्हा मला कोण नको होतं माहीत आहे? शेजारी नाही, सासू नाही. ज्यांनी माझ्याबरोबर ऑपरेशन केलं त्या. शेजाऱ्याला सांगता येतं, थायरॉइड आहे, वय झालं. त्यांना काय सांगणार? त्यांना सगळं ठाऊक. चिवडा, बिस्किटं कशी न अडकता खाली जातात, हे त्यांच्याच तोंडून तर शिकलेलो आपण.

आणि ती वही. ताई, रागावू नका, तो हजेरीपट झालाय.

दुपारी चारला झोपते म्हणालात, ते मला खटकतंय. रक्त कधी तपासलंय तिने? हिमोग्लोबिन, बी १२, फेरिटिन (लोहाचा साठा)? बायपासला लोह आणि बी १२ कायमचं घ्यावं लागतं. पाचव्या-सहाव्या वर्षी सगळ्यांना वाटतं आता बरे आहोत, आणि डबी रिकामी होते ती भरली जात नाही.

कोथिंबीर_जुडी
लोहासाठी बीट आणि गुळाचे लाडू उत्तम.

अनिकेत_सोलापूर
नाही. शोषणच कमी आहे तिथे लाडू काय करणार, वर गूळ. गोळी लागते, आणि ती कॅल्शियमपासून दोन तास लांब, चहापासूनही लांब. कॅल्शियम सायट्रेट घ्यायचं, कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं.

बापूसाहेब_६९
एवढ्या गोळ्या खायच्या म्हणजे बरे झालात की आजारी?

रानमोगरा
गोळ्यांचा धागा वेगळा काढा सगळ्यांनी. अर्धी_पोळी, जिन्यात ती बसली तेव्हा तुम्ही तिला काय म्हणालात?

अर्धी_पोळी
(रात्री १.४०)
झोप लागत नाहीये म्हणून लिहिते.

८९ आलं तेव्हा मी मोठ्याने वाचलं. नेहमीच वाचते. ती काट्यावरून उतरली तेव्हा मी तिच्या मागेच उभी होते. ब्लाउजची शिलाई नुकतीच उसवलेली दिसत होती, जुन्या सुईची भोकं रांगेत, आणि तिथलं कापड बाकीच्यापेक्षा गडद. आम्ही सगळ्यांनी ब्लाउज आत घेतले होते, एकेका बाजूला तीन-तीन शिलाया. शिंपी म्हणायचा, कापू नका, राहू द्या आत. आम्ही हसायचो त्याला. तिने राहू दिलं होतं. मी कापून टाकलं होतं.

मग दूध. मग जिना. मी म्हणाले, "बघ, साखर कशी बरोबर पकडते. चोरून खाणाऱ्याला असंच होतं." सगळ्या हसल्या. ती पण हसली.

आणि अजून एक. तिने आदल्या दिवशी मेसेज केला होता, माझं दूध साखर घालायच्या आधी काढून ठेव. मी विसरले. सगळ्या पातेल्यात एकदमच घातली. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

मनीमाऊ
बाई गं.

रानमोगरा
मग कोजागिरीला बोलावण्याचा मेसेज राहू द्या. ग्रुपवर तर अजिबात नाही. हे शेवटचं वाक्य तिला सांगा आधी.

तिरफळ
जाऊन सांगा. फोन ती उचलत नाही.

मनीमाऊ
न कळवता जाऊ नका हो, ते अंगावर जाण्यासारखं होतं. आजारी बाई, घर पसरलेलं, त्यात तुम्ही दारात. एक साधं पत्र टाका.

तिरफळ
पत्र? आठ दिवसांत? माझी मैत्रीण न कळवताच आली होती. मी गाउनवर होते. अजून मैत्रीण आहे.

टोरांटोकर
इथे समुपदेशकाकडे दोघींनी मिळून जाता येतं. तिकडे आहे का तसं?

मनीमाऊ
निदान निघताना नवऱ्याला कळवा. तो तरी फोन उचलतो.

अर्धी_पोळी
(चार दिवसांनी)
जाऊन आले. नाशिकहून संगमनेरची एसटी, दीड-दोन तास. मनीमाऊचं ऐकलं, निघताना नवऱ्याला कळवलं. त्याने तिला सांगितलंच नाही, त्यामुळे तिरफळचंही झालं.

दार उघडलं तिने. चेहरा पांढरा, खालची पापणी ओढली असती तर आतही पांढरीच निघाली असती. हिमोग्लोबिन ७.२. लोहाच्या गोळीने पोट घट्ट व्हायचं म्हणून दोन वर्षांपासून बंद केली होती. दवाखान्यात सांगायची लाज, तिथेही आधी काट्यावर उभं करतात ना. आता सलाईनमधून लोह चाललंय, दुसरी बाटली पुढच्या मंगळवारी. जिना चढला की धाप लागते. म्हणून झोपते दुपारची. आणि म्हणून आली नाही असंही नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "दोन्ही."

दुधाचं सांगितलं. तिला माहीत होतं. पहिल्या घोटालाच कळलं होतं म्हणे. मग प्यायलीस का, विचारलं. म्हणाली, "तू ओतत होतीस, सगळ्या बघत होत्या, नुकतं ८९ झालं होतं. बिनसाखरेचं मागितलं असतं तर तूच म्हणाली असतीस, आता कशाला पथ्य."

म्हणाले असते. खरंच म्हणाले असते.

वही पर्समध्ये होती. का नेली, मला विचारू नका. तिने मागितली, स्वतःचं पान काढलं, बघत बसली. मला वाटलं फाडते आता. तर म्हणाली, "हे २०१९ चं चुकलंय. तेव्हा मी पैठणी नेसून उभी होते, किलोभर कमी कर." पेन नव्हतं, म्हणून नवऱ्याचं आणलं.

एक कप चहा दोन पेल्यांत करून प्यायलो. येणार का विचारलं, "बघू" म्हणाली. जिना चढायचा म्हणून, की कशासाठी, ते विचारलं नाही. यंदा सगळं अंगणातच करतेय आणि काटा मुलाच्या खोलीत नेऊन ठेवलाय. बाकी तिघींपैकी एक रुसलीय, काट्याशिवाय कसली कोजागिरी म्हणते. तिचं ६३ आहे सध्या.

अनिकेत, सलाईनमधून लोह घेतलं त्या दिवशी कॅल्शियमची गोळी चालते का?

अनिकेत_सोलापूर
दोन तासांचं अंतर आतड्यात भांडण होतं म्हणून. सलाईन थेट रक्तात जातं, तिथे तो प्रश्न नाही. तरी तिच्या डॉक्टरांना विचारून घ्या. आणि बायपास आहे हे प्रत्येक डॉक्टरला आधी सांगायला लावा. गुडघे दुखले की इबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक लिहून देतात, त्याने जठर-आतड्याच्या जोडाजवळ अल्सर होतो. तसं रक्त जात नाहीये ना, तेही विचारा.

कोथिंबीर_जुडी
मग दुधाचं काय ठरलं?

अर्धी_पोळी
दोन पातेली. बिनसाखरेचं मोठं.

रत्नागिरीकर
भाच्याची उंची ५ फूट ७ इंच. बसतो का?