रस्त्यात पोलिसांनी विचारलं तर नाव सांगणं, आधार दाखवणं सक्तीचं आहे का? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी, घरी दोन दिवस वाद पेटलाय म्हणून इथं विचारते.

धाकटा भाऊ १९ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतोय (खरं दुखणं इथंच आहे). शनिवारी रात्री मित्राबरोबर गंगावेशीत कट्ट्यावर दूध प्यायला आणि दोघं चालत रंकाळ्यावर जाऊन बसले. पावणेबाराला गस्तीची गाडी थांबली. "नाव काय? कुठला? आधार काढ." मित्रानं गपगुमान सांगितलं, त्याला घरी पाठवलं. आमच्या शहाण्यानं मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघितलेत. "मला अटक केलीय का? नसेल तर नाव सांगायला मी बांधील नाही," म्हणाला. बसवला गाडीत.

मी आणि पप्पा ठाण्यात पोचलो तेव्हा बाकड्यावर बसलेला, चपलेचा तुटलेला अंगठा हातात. मारहाण नाही, गाडीत चढताना तुटला म्हणे. वहीत नाव-पत्ता लिहून घेतला, एकानं स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढला आणि दीड वाजता सोडलं. कागद काही दिला नाही, सही घेतली नाही.

पप्पा म्हणतात, नाव सांगायला काय जात होतं? मलाही तेच वाटतं. पण नियम नक्की काय आहे? चालत जाणाऱ्यानं आधार जवळ ठेवायलाच पाहिजे का? आणि त्या वहीतल्या नोंदीनं चारित्र्य पडताळणीत अडेल का?

---
कोर्टकचेरी: ताई, आधार खिशात घेऊनच फिरायचं असा कायदा नाही. गाडी चालवत असता तर गोष्ट वेगळी: मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या पोलिसानं मागितलं की लायसन्स दाखवावंच लागतं, डिजिलॉकरमधलं चालतं.

नावाचं म्हणाल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९ बघा (१ जुलै २०२४ पासून, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४२). पोलिसासमोर अदखलपात्र गुन्हा (ज्यात एरवी वॉरंटशिवाय अटक करता येत नाही असा) केला किंवा तसा आरोप असला, आणि नाव-पत्ता सांगितला नाही किंवा खोटा वाटला, तर तो कळेपर्यंत अटक करता येते. कळला की जातमुचलक्यावर (हजर राहण्याच्या लेखी हमीवर) सोडायचं. २४ तासांत नाहीच कळला तर मॅजिस्ट्रेटपुढं न्यायचं. म्हणजे आधी गुन्हा किंवा आरोप पाहिजे, नुसतं कट्ट्यावर बसणं पुरत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२२ सूर्यास्तानंतर संशयास्पद सापडण्याबद्दल आहे, पण रस्त्यात रेंगाळण्याचा भाग कुप्रसिद्ध चोरांसाठी आहे. दूध पिणाऱ्याला लागायचा नाही.

तालमीतला: कायदा बरोबर आहे, पण रात्री बारा वाजता रंकाळ्यावर कायदा शिकवू नये राव. नाव सांगायचं, "साहेब, काय झालंय?" विचारायचं, दोन मिनिटांत घरी. आणि त्याला सांगा, अमेरिकेतसुद्धा सगळीकडं तसं नाही. नेवाडातला नाव सांगायला लावणारा कायदा तिथल्या सुप्रीम कोर्टानं २००४ ला ५ विरुद्ध ४ नं कायम ठेवलाय, संशयाला रास्त कारण असेल तर.

कोर्टकचेरी: पडताळणीत गुन्हे बघतात. गुन्हाच दाखल नसेल तर भरतीच्या फॉर्मवर लिहिण्यासारखं काही नाही. खात्री करायची तर माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्या रात्रीची स्टेशन डायरीतली (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीतली) नोंद मागा, ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. अर्ज पप्पांच्या नावानं नको, त्याच्याच नावानं करा.

मूळ प्रश्नकर्ती: खूप आभार. गुन्हा दाखल नाही एवढं तिथल्या ठाणे अंमलदारांनी तोंडी सांगितलंय. भाऊ अजून फुगून बसलाय, पण अर्ज लिहायला तयार झाला. त्यात मोबाईलवरच्या फोटोचंही विचारू का? की भरती तोंडावर असताना उगाच डोळ्यावर येईल?