देवधर्म आणि नोकरी-धंदा : तुमचा अनुभव काय?

धागाकर्ता

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात सीएनसी मशीनला झेंडूची माळ घालतात आणि एमडी स्वतः नारळ फोडतात. यंदा त्याच आठवड्यात प्रमोशनची यादी लागली. एकजण प्लांट हेड झाला, जेवणाच्या टेबलावर पेढे वाटत म्हणाला, "गजानन महाराजांची कृपा." त्याच यादीत नाव न आलेला दुसराही कडक गुरुवार करणारा. तो म्हणाला, "मग माझ्यावर का कोपले?" सगळे हसले, तो हसला नाही.

तर अनुभव लिहा. श्रद्धेने कामात तुमचं भलं झालं, नुकसान झालं, की काहीच झालं नाही? आणि भलं म्हणजे काय धरता, तेही सांगा. इस्रोचे शास्त्रज्ञ उड्डाणाआधी रॉकेटची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जातात, यावर वाद घालायचा असेल तर वेगळा धागा काढा. इथे फक्त स्वतःचं.

निवृत्त बँकवाला

राष्ट्रीयीकृत बँकेत प्रमोशन म्हणजे बदली, आणि ती बहुधा परराज्यात. तिकडच्या झोनल मॅनेजरला आषाढातली वारीची रजा कशासाठी हे समजावत बसायचं कोणी? म्हणून स्केल थ्रीच्या प्रमोशनचा फॉर्मच भरला नाही. आमची ही म्हणाली, "विठोबा काय फरकाची रक्कम देणार आहे का?" नाही दिली. बॅचमेट एजीएम (असिस्टंट जनरल मॅनेजर) होऊन निवृत्त झाले. पेन्शनमध्ये फरक जाणवतो, खोटं का बोला.

माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या, मागे शेकड्यांनी. आमची मागची. लोणंदच्या मुक्कामी पहाटे टँकरपाशी बादली घेऊन उभा होतो. माझ्यापुढे होता त्याचं ट्रॅक्टरचं कर्ज मी त्याच वर्षी नामंजूर केलेलं. सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता. त्याने मला बरोबर ओळखलं. म्हणाला, "माउली, तुम्ही भरा आधी," आणि वाकून पाया पडला. वारीत समोरचा पडला की आपणही पडायचं, तीच रीत. मीही पडलो. शाखेत हा माणूस काउंटरच्या पलीकडे उभा राहायचा आणि मी मान वर करून बघतच असे असं नाही. नंतरही अर्ज नामंजूर केले, नियम तो नियम. पण माणसाला खुर्चीत बसवून कारण सांगायचं, ही सवय त्या टँकरपासची. बँकेने तिचे मार्क कधी दिले नाहीत.

बगशोधक

मी नास्तिक, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. आधीच्या कंपनीत आमचा लीड एका सत्संगाचा. शनिवारी जे जायचे त्यांना ऑनसाइट, म्हणजे परदेशातलं काम मिळायचं. योगायोग असेल हो, पण फार नियमित योगायोग होता. देव त्यात कुठेच नव्हता, ओळख होती. दर शनिवारी साहेबाशेजारी मांडी घालून बसणाऱ्याचं नाव साहेबाला पटकन आठवतं, एवढाच मामला. गोल्फ खेळणाऱ्या साहेबांकडेही हेच होत असणार.

आता दुसरी बाजू. प्रोजेक्ट बंद पडला, सगळ्यांनाच नारळ मिळाला, तेव्हा त्या सत्संगवाल्यांनी एकमेकांचे रेझ्युमे फिरवले, एकाच्या घरचं भाडंसुद्धा भरलं. आमचा विवेकवाद्यांचा ग्रुप होता, त्यात त्या काळातही फलज्योतिषावर चर्चा चालू होती.

इंजिनरूम

गाव दाभोळ खाडीकाठी, सध्या जहाजावर चीफ इंजिनिअर. बोटीवर किब्ला, म्हणजे नमाजाची मक्केकडची दिशा, एका जागी राहत नाही. नमाजाला उभं राहण्याआधी ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, फोन करून हेडिंग (जहाजाचं तोंड कुठे) विचारतो. आमचा फिलिपिनो सेकंड मेट आता मी न विचारताच सांगतो, "चीफ, अर्ध्या तासाने कोर्स बदलणार आहे, आत्ताच उरका." रमजानमध्ये प्रवाशाला रोजा सोडून नंतर भरून काढायची मुभा आहे, ती मी घेतो. खाली चाळिशीच्या पुढे तापमान, हाताखाली जनरेटर. तिथे चक्कर आली तर माझ्या एकट्याचं नुकसान नाही.

धर्माचा खरा परिणाम झाला तो व्याजावर. घरकर्ज घ्यायचं नाही, हा अब्बांचा दंडक. बरोबरच्यांनी पनवेल, खारघरला फ्लॅट घेतले. मी दर काँट्रॅक्टनंतर गावी थोडं थोडं बांधत गेलो, एकदा जोतं, मग भिंती. स्लॅब पडेपर्यंत नातेवाइकांनी चेष्टा करून घेतली. २००८ नंतर मालवाहतुकीचे दर कोसळले, जहाजं रिकामी उभी राहिली. ज्यांचे हप्ते चालू होते ते मिळेल त्या बोटीवर, मिळेल त्या पगारात चढले. मी आईजवळ घरी थांबू शकलो, तिचं ते शेवटचं आजारपण होतं. मी याला यश म्हणतो. खारघरच्या त्या फ्लॅटचे आजचे भाव बघायचे नाहीत असं ठरवलंय. बघतो.

पेठेतला भावी अधिकारी

सारसबागेत तळ्यातल्या गणपतीच्या रांगेत माझ्या पुढचा एमपीएससीच्या राज्यसेवेवाला, मागची कम्बाइन परीक्षेची. सगळ्यांचं मागणं एकच, जागा मोजक्या. बाप्पाने कट-ऑफ कसा लावावा?

मी तरी चतुर्थीला जातो. त्या दिवशी अभ्यासिकेतून उठायला सबब मिळते.

पोस्टातल्या बापाची लेक

वरचं सगळं वाचून वाटलं, आमच्या घरात प्रश्नच उलटा आहे. धर्म बदलला म्हणून काम बदललं.

आजोबा बुलडाणा जिल्ह्यातले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तेव्हा ते तिथे होते. गावी परतल्यावर मेलेली ढोरं ओढणं सोडलं. त्याबरोबर सुगीला मिळणारा वाटाही गेला. मग खामगावला जिनिंगमध्ये हमाली. आजी सांगायची, पहिल्या वर्षी घरात धान्य नव्हतं आणि आजोबा रात्री कंदिलाशी पाटी घेऊन अक्षरं गिरवत होते. पोरांबरोबर मुळाक्षरं शिकले.

बाबा मॅट्रिक होऊन पोस्टात लागले. केंद्राची नोकरी. बौद्ध लिहिलं की तिथे अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत, हे १९९० पर्यंत असंच होतं. ऑफिसातला एक भला माणूस त्यांना म्हणाला, "कागदावर जुनं लिहा, घरात काय पाळायचं ते पाळा. किती तरी जण करतात." खरंच करत होते, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही, पोरं शिकवायची होती. बाबांनी बौद्धच लिहिलं. म्हणाले, "म्हातारा जिवंत आहे, त्याच्यासमोर हा कागद कसा भरू?" कायदा बदलला तोवर बरोबरीचे पुढे निघून गेले होते. बाबांची सर्व्हिस बुकची झेरॉक्स माझ्याकडे आहे. धर्माच्या रकान्यातलं अक्षर बाकीच्या पानापेक्षा ठळक आहे, पेन दाबून लिहिलेलं.

मी वीज कंपनीत उपअभियंता आहे. रोज वंदना म्हणते. त्याने बदली टळत नाही की फीडर (वीजवाहिनी) ट्रिप व्हायचा राहत नाही. आमच्याकडे 'देवाने दिलं' म्हणत नाहीत, 'बाबासाहेबांमुळे' म्हणतात. माझा भाऊ म्हणतो ही पण श्रद्धाच. मी म्हणते हा हिशेब आहे. दर १४ एप्रिलला जेवताना हे भांडण होतं.

नाईट ड्यूटी

वसईची, मस्कतला नर्स. इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चमध्ये रविवारची गर्दीही शुक्रवारीच. रोस्टरमध्ये मुस्लिम मैत्रिणीला ईद मी देते, नाताळ ती मला देते. इन्चार्ज होण्याशी याचा संबंध आला नाही, तिथे परीक्षा आणि अरबी बोलता येणं लागतं. बाकी नंतर लिहिते, हँडओव्हर आहे.

बगशोधक

बँकवाले काका, त्या ट्रॅक्टरवाल्याचं पुढे काय झालं?

निवृत्त बँकवाला

सोसायटीचा बोजा फेडून दाखला घेऊन आला, तेव्हा मंजूर केलं. मधे हप्ते थकवले. वारीत भेटला की हप्त्याचा विषय काढायचा नाही, हे दोघांनाही न बोलता ठाऊक. तिथे माउली. नोटीस पोस्टाने जायची.