डोंगर उडवणाऱ्या हल्ल्याची ऊर्जा कशी मोजायची? (फोडणे + फेकणे?)

चित्रकथेतलं एक पात्र एका फटक्यात अख्खा डोंगर उडवतं. त्याची ऊर्जा काढतोय, पण हिशेब एका जागी अडलाय. जाणकारांनी मदत करावी.

पायथ्याशी दिसणाऱ्या मनोऱ्यावरून डोंगराची उंची १००० मीटर आणि पायाची त्रिज्या २००० मीटर येते. शंकू धरला तर आकारमान ४.१९ घन किमी. घनता घनमीटरला २७०० किलो, म्हणजे वस्तुमान ११.३ अब्ज टन.

चाहतेमंडळी खडक फोडायला घन सेंटिमीटरला ८ ज्यूल, भुगा करायला २१४ आणि वाफ करायला २५,७०० ज्यूल धरतात. आकारमान असं जुळून आलंय की घन सेंटिमीटरला १ ज्यूल म्हणजे एकूण जवळपास १ मेगाटन (दहा लाख टन टीएनटी स्फोटकाची ऊर्जा). वाफ चित्रात कुठेच नाही (मित्राला तीच हवी आहे, पात्र त्याचं लाडकं!), भुगाही नाही. म्हणून ८ मेगाटन.

पण पुढच्या चौकटीत घराएवढे दगड ५ किमीवर पडलेत. ८ ज्यूलमध्ये खडक फुटेल, उडेल कसा? गतिज ऊर्जा वेगळी मिळवायची, तर छापील चित्रात वेळ नसतो. वेग आणायचा कुठून? आणि दगड वर चढण्याची स्थितिज ऊर्जाही धरायची का, की ती दोनदा मोजली जाईल?

प्रतिसाद १
फोडणं आणि फेकणं ही वेगळी कामं, बेरीज करा. स्थितिज धरू नका. दगड वर चढतो तो सुटतानाच्या गतिज ऊर्जेवरच.

वेगाला वेळ कशाला, अंतर पुरतं. सपाटीवर, हवेचा रोध सोडून, सर्वांत स्वस्त फेक ४५ अंशांची: वेगाचा वर्ग = गुरुत्वत्वरण × अंतर. ५ किमीसाठी सेकंदाला २२१ मीटर. सगळा डोंगर तिथवर गेला असता तर ६६ मेगाटन लागले असते. पण बराचसा ढिगारा जवळच पडला असणार. सरासरी २ किमी धरा: २६ मेगाटन, अधिक तुमचे ८.

प्रतिसाद २
३४ ही किमान मर्यादा समजा. १९६२ साली नेवाडातल्या 'सेडान' अणुचाचणीत १०४ किलोटनांनी सुमारे ५० लाख घनमीटरचा खड्डा पडला. भागाकार केला तर घन सेंटिमीटरला ८७ ज्यूल, तेही भुसभुशीत गाळात! स्फोटाची बरीच ऊर्जा उष्णतेत आणि जमिनीच्या हादऱ्यात जाते. तुमचा हल्ला स्फोटासारखा असेल तर आकडा वर सरकवा, नुसता ठोसा असेल तर ३४ ठीक.

त्याआधी मनोऱ्याची उंची पुन्हा तपासा. ती १० टक्क्यांनी जास्त धरली गेली असेल तर आकारमान ३३ टक्के फुगतं. फेकण्याची ऊर्जा ४६ टक्के, कारण ते ५ किमीही त्याच मनोऱ्यावरून मोजलेत ना?