रानातल्या ५० पेट्यांना मोबाईल कंपनीएवढं टेस्टिंग कशाला?

कुपवाडचा पेटीवाला
सरळ मुद्द्यावर येतो. नदीवरची मोटर रानातनं चालू-बंद करायची पेटी बनवतो आपण. सिमवाला मोबाईल स्टार्टर चालतो, नाही असं नाही, पण रिचार्ज संपला की बोंब, कृष्णेच्या काठाला खाली मळीत रेंज नाही, आणि रात्री दोनला लाईट आली की माणूस गाडी काढून निघालाच, म्हणून लोरा (लांब पल्ल्याचा, कमी पॉवरचा रेडिओ) टाकलं, ८६५ मेगाहर्ट्झवर, ना सिम ना रिचार्ज. वर्षाला चाळीस-पन्नास पेट्या जातात, पलूस वाळवा तासगाव, थोड्या कराडकडं. आता एका मोठ्या गिऱ्हाईकानं विचारलं, ईटीए सर्टिफिकेट (रेडिओ यंत्राला सरकारची मंजुरी) कुठंय? ते देणाऱ्या डब्ल्यूपीसीची, म्हणजे केंद्राच्या रेडिओ खात्याची, फी १० हजार, ती एकवेळ भरू, पण त्याआधी मान्यताप्राप्त लॅबचा आरएफ (रेडिओ लहरी मोजल्याचा) रिपोर्ट पाहिजे, लॅब पुण्या-मुंबईला, आणि कोटेशन आलं ते बघून दिवसभर जेवण गोड लागलं नाही. वर ॲडॅप्टर बीआयएसवाला (सरकारी मानकाच्या शिक्क्याचा) पाहिजे, गेटवे (पेट्यांचा डेटा गोळा करून इंटरनेटवर टाकणारं यंत्र) म्हणून विकायचं म्हटलं तर टीईसीचं एमटीसीटीई, म्हणजे टेलिकॉम यंत्रांची सक्तीची तपासणी, वेगळं. लाखांनी फोन विकणारी कंपनी आणि पन्नास पेट्या विकणारा मी, दोघांना एकच चाळण? फ्री बँड म्हणता ना, मग १०० नगांच्या आतल्याला सोडा की.

मिरजेचा आरएफवाला
फ्री म्हणजे लायसन्स नको, एवढंच. नियम नकोत असं कुणी सांगितलं? ८६५-८६७ मध्ये ट्रान्समीटर १ वॅटपर्यंत, अँटेना धरून इफेक्टिव्ह ४ वॅट, कॅरिअरची रुंदी २०० किलोहर्ट्झच्या आत. २०२१ ला वरची हद्द ८६८ केली. हे युरोपपेक्षा ढिलं आहे दादा, तिकडं लोराच्या नेहमीच्या चॅनलवर २५ मिलिवॅट आणि तासातनं फक्त १ टक्का वेळ बोलायचं. आपल्याकडं एवढी मोकळीक दिलीय, त्या बदल्यात एकदा मोजून दाखवा म्हणतात, तर त्यात अन्याय कसला?

पेटीवाला
मोजलेलं आहे की. रेडिओच्या तयार मॉड्यूलवर सीई (युरोपचा शिक्का), एफसीसी (अमेरिकेचा) दोन्ही छापलंय.

मिरजेचा आरएफवाला
झालं, आता हेच ऐकायचं राहिलं होतं. एफसीसी म्हणजे अमेरिकेचा ९०२-९२८. तिकडच्या सेटिंगमध्ये नोड, म्हणजे पेटीतला रेडिओ, बोलतो ९०२.३ ते ९१४.९ वर आणि आपल्याकडं ८९० ते ९१५ हा मोबाईलचा अपलिंक आहे, म्हणजे फोनचं बोलणं टॉवर जिथं ऐकतो तीच जागा. टॉवरजवळच्या रानात असली पेटी लावली तर गावातल्या लोकांचे फोन कटणार आणि शिव्या कंपनीला. सीईवाल्याची गंमत अजून वेगळी. युरोपचे नेहमीचे चॅनल ८६८.१, ८६८.३, ८६८.५. आपली हद्द ८६८ ला संपते. थोड्यानंच बाहेर, पण बाहेर ते बाहेरच. आणि मॉड्यूल घेणारा पोरगा लायब्ररी (तयार मिळणारा प्रोग्रॅम) जशीच्या तशी टाकतो, एक ओळ बदलून भारताचं सेटिंग करायचं कष्ट घेत नाही. लेबल बघून विकणाऱ्यांचा हा प्रॉब्लेम आहे.

पेटीवाला
मी ८६५ वरच आहे, वर लिहिलंय, वाचा. माझा राग बँडवर नाहीच, कागदावर आहे.

तासगाव_थॉमसन
मला त्यातलं काही कळत नाही पण गिऱ्हाईक म्हणून सांगतो. द्राक्षबागेत वेदर स्टेशन लावलंय, पानावरचा ओलावा बघून डाऊनी रोगाची फवारणी ठरवायला. ऑक्टोबर छाटणीनंतर डेटा दोन दिवस बंद पडला तर एक फवारणी चुकते आणि पुढचा सगळा हंगाम निस्तरत बसावं लागतं. ते यंत्र का बंद पडलं तर शेजारच्या बागेत दुसऱ्या कुणीतरी तसलंच बसवलं, त्यानं दिवसभर बोंबलत ठेवलेलं. विकणारा म्हणतो फ्री बँड आहे, तक्रार करता येत नाही. मग मी काय करायचं? सर्टिफिकेट असतं तर हे झालं नसतं का?

मिरजेचा आरएफवाला
खरं सांगायचं तर सर्टिफिकेट असतं तरी झालं असतं. विकणारा बरोबर बोलला, फ्री बँडची अटच ती आहे की दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि दुसऱ्याचा झाला तर संरक्षण मागायचं नाही. आपल्याकडं या बँडला वेळेचं बंधन पण नाही. त्यावर उपाय प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातात, चॅनल बदला, कमी बोला, पोच आली नाही तर थांबून परत पाठवा.

पेटीवाला
बघा! तुम्हीच म्हणताय सर्टिफिकेटनं शेतकऱ्याचं काम होत नाही. मग एवढा खर्च कुणासाठी?

वाळव्याची वहिनी
मी यात पडणार नव्हते पण पडते. आमच्याकडं सिमवाला स्टार्टर होता, कुणाचातरी चुकून फोन आला की मोटर चालू. एकदा वायरमन पेटी उघडून बसलेला तेव्हा चालू झाली, नशीब हात बाहेर होता त्याचा. तुमचं ते ईटीए हे तपासतं का? नाही ना. म्हणजे जिथं माणूस मरतो तिथं काही नाही आणि हवेत किती मिलिवॅट गेला त्याला रिपोर्ट. मला सांगा, सिग्नल तुटला तर मोटर बंद होणार की चालूच राहणार, काम करताना लॉक करायचं बटण पेटीवर आहे का, हे आधी लिहून द्या पेटीवाले भाऊ, मग तुमची सवलत मागा.

पेटीवाला
वहिनी, आपल्या पेटीला ते बटण आहे. सिग्नल तुटला तर ठराविक वेळानं मोटर बंद, ड्राय रन ला (पाणी नसताना मोटर फिरली तर) बंद, फेज गेला तर बंद. पण हे कुठल्या सर्टिफिकेटात येत नाही हा तुमचा मुद्दा मी माझ्याच बाजूला धरतो.

वाळव्याची वहिनी
धरा, पण मी तुमच्या बाजूची नाही हं. मी दोन्ही पाहिजे म्हणणारी आहे.

कोरेगाव टेक
इकडं एक सोपी वाट कुणी बोलतच नाहीये. ज्या रेडिओ मॉड्यूलला आधीच ईटीए आहे ते जसंच्या तसं बसवलं, त्याच्या रेडिओत हात घातला नाही, तर तयार पेटीला वेगळं ईटीए काढावं लागत नाही. मॉड्यूल थोडं महाग पडतं, बास. कोटेशनचं रडगाणं गायच्या आधी विकणाऱ्याकडं ईटीए नंबर मागा. दिला नाही तर दुसरा बघा, बाजार मोठा आहे.

पेटीवाला
थोडं महाग म्हणजे किती ते तुम्ही पन्नास नग घेऊन बघा आणि मग सांगा. शिवाय मी सुट्टी रेडिओ चिप घेऊन माझा बोर्ड बनवतो, डीपीच्या शेजारी उन्हात तापणाऱ्या डब्यात बाजारातलं मॉड्यूल टिकत नाही, हा अनुभव आहे.

मिरजेचा आरएफवाला
हां, आता आलात खऱ्या जागेवर. सुट्टी चिप आणि स्वतःचा बोर्ड असेल तर टेस्टिंग पाहिजेच, आणि का ते सांगतो, कागदाचा विषय बाजूला ठेवा. ८६५-८६७ च्या दुप्पट किती? १७३० ते १७३४. चिपच्या पुढं फिल्टरचे कॉइल-कॅपॅसिटर नीट नसले की दुसरा हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सीचा नको असलेला सिग्नल) बरोबर तिथं पडतो, आणि १७१० ते १७८५ हा फोरजीचा अपलिंक आहे. म्हणजे बँड बरोबर, पॉवर बरोबर, सेटिंग भारताचं, तरीपण टॉवरच्या कानात किरकिर. हे तुम्हाला रानात कधीच कळणार नाही कारण तुमची मोटर मस्त चालू-बंद होतेय. स्वस्त बोर्डावर पहिल्यांदा काय वाचवतात? हाच फिल्टर.

तासगाव_थॉमसन
फोन २ वॅटनं फेकतो असं वाचलंय, ही पेटी १०० मिलिवॅट, मग एवढं काय घाबरायचं

मिरजेचा आरएफवाला
फोनला टॉवर सांगतो कधी बोल, किती जोरात बोल. पेटी टॉवरच्या हिशोबातच नाही. वर्गात मास्तर ज्याला उठवतो त्यानं बोलणं वेगळं आणि मागच्या बाकावरनं शिट्टी वेगळी.

कोरेगाव टेक
हार्मोनिक बघायला लॅब कशाला, यूएसबीचा एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा रेडिओ रिसीव्हर) घ्या, जवळपास १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत दिसतं, १७३० त्यात येतं. तिसरा हार्मोनिक (तिप्पट) २५९५ च्या पुढं जातो, तो दिसणार नाही, पण दुसरा साफ असेल तर बोर्ड लॅबला न्यायच्या लायकीचा झाला. डोंगलला जास्त सिग्नल दिला की तो स्वतःच खोटे हार्मोनिक दाखवतो, मध्ये ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा तुकडा) लावा. हे लोक करत नाहीत आणि मग लॅबमध्ये नापास होऊन दोनदा फी भरतात.

पेटीवाला
डोंगल आहे माझ्याकडं, बघतो. पण माझी मागणी तीच. बोर्ड साफ आहे हे मला पटलं, तुम्हाला पटलं, तरी रिपोर्टला पुणं गाठायचंच. कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत एवढे कारखाने आहेत, सगळ्यांनी मिळून एक चांगला स्पेक्ट्रम ॲनालायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल ते मोजणारं मशीन) का घेऊ नये?

मिरजेचा आरएफवाला
घ्या की, वर्गणी मी पण देतो. पण त्याचा रिपोर्ट सरकार धरणार नाही, मान्यता नसलेल्या जागेचा आहे. आधी घरात नापास व्हायला उपयोग, एवढंच.

कोरेगाव टेक
आणि दरवर्षी कॅलिब्रेशन कोण करून आणणार? पहिल्या वर्षी सगळे पैसे देतात, दुसऱ्या वर्षी मशीन कुणाच्यातरी ऑफिसात चहाचे कप ठेवायला.

पेटीवाला
कॅलिब्रेशन मी बघतो, ऑफिस माझं. वर्गणी देणाऱ्यांनी नावं सांगा. आणि मोठ्या गिऱ्हाईकाला ह्या हंगामात ईटीए मॉड्यूलवाल्या पेट्या देतोय, माझ्या बोर्डाच्या नाही. दर जास्त लावलाय.

वाळव्याची वहिनी
लॉकचं बटण त्यात पण द्या. आणि लाल रंगाचं, अंधारात दिसेल असं.