जुन्या घरात नवी सजावट: नवं नवंच दिसू द्यावं का?

गवाक्ष
जुन्या घराला नवं रूप द्यायचं म्हटलं की बहुतेक जण दोनपैकी एक वाट धरतात. काही जण आतलं सगळं उपटून टाकतात आणि गुळगुळीत पांढऱ्या खोल्या करून मोकळे होतात. बाकीचे नव्या सामानाला खोटं म्हातारपण चढवतात: एमडीएफवर (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीवर) यंत्रानं कोरलेली नक्षी, मुद्दाम घासून रंग उडवलेलं कपाट, छताला चिकटवलेल्या पोकळ तुळया. मला ही दुसरी वाट जास्त खटकते. खऱ्या तुळईशेजारी नकली तुळई आली की बघणाऱ्याला खरीचाही संशय यायला लागतो.

माझं मत असं, की जुन्या घरात नवं जरूर आणावं, पण ते नवं म्हणूनच दिसू द्यावं. जाड भिंती आणि खोल खिडक्यांच्या खोलीत साध्या सरळ रेषांचा सोफा किंवा बारीक लोखंडी पायांचं टेबल फार शोभून दिसतं. १९६४ च्या व्हेनिस सनदेत वास्तुजतनाचं हेच तत्त्व मांडलंय: भर घालावीच लागली तर ती मूळ रचनेपासून वेगळी ओळखू यावी, तिच्यावर आपल्या काळाचा ठसा असावा. बर्लिनचं नॉयेस म्युझियम बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत ते उद्ध्वस्त झालं होतं. वास्तुविशारद डेव्हिड चिपरफील्ड यांनी ते पुन्हा उभं केलं आणि २००९ मध्ये ते उघडलं. मधला भव्य जिना नष्ट झाला होता. त्यांनी तो त्याच जागी, त्याच घडणीचा, पण फिकट काँक्रीटमध्ये आणि नक्षीशिवाय बांधला. आजूबाजूला डागाळलेल्या विटांच्या उघड्या भिंती आहेत. दोन्ही काळ शेजारी उभे आहेत आणि कुणी कुणाचं सोंग घेत नाही.

कोनाडा
साफ असहमत. सनदेचं नववं कलम सांगितलंत, तेरावं राहिलं. इमारतीचे लक्षणीय भाग, तिच्या रचनेचा तोल, भोवतालाशी असलेलं नातं यांना बाधा येत असेल तर भर घालूच नये, असंही तीच सनद म्हणते.

शिवाय म्युझियमचं उदाहरण राहत्या घराला लावू नका. तिथं भल्यामोठ्या दालनांत एक जिना नवा आहे. घरातल्या बेताच्या खोलीत करडा सोफा, काळं टेबल आणि वर एलईडीचं कडं आलं की नजर तिथंच अडकते आणि कोरीव खांब मागे पडतो. जुनं भरपूर शिल्लक असेल तरच नव्याचा विरोध खुलतो. बहुतेक घरांत शिल्लक काय असतं? एखादी चौकट, दोन कोनाडे, एक जिना. त्यांच्यासमोर नवं उभं केलंत तर ती कोपऱ्यात ठेवलेली शोभेची वस्तू होऊन बसतात.

आणि नक्कल कशाला म्हणायचं हेही जरा ठरवा. यंत्रानं कोरलेलं एमडीएफ ही नक्कल, मान्य. पण एखाद्या सुतारानं त्याच जातीच्या लाकडात, खाच-कुसाचा तोच सांधा करून नवी झडप बनवली, तर ती खोटी कशी? ते तर चालू असलेलं काम आहे.

झरोका
दोघंही घराकडे बाहेरून बघताय असं वाटतं. आत माणसं राहतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उंच उंबरा आणि अंधारा जिना रोज ओलांडायचा असतो. खोलीत एकच प्लग असतो आणि त्याला तीन एक्स्टेन्शन लावलेली असतात. मी तर म्हणेन, भिंती फोडून वायरिंग आत घ्या, फॉल्स सीलिंग करा, खाली सपाट टाइल्स घाला. सोय झाली की मग तुमची शैली बघा. जुनेपणाच्या प्रेमापोटी घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी धडपडत का राहायचं?

ओळंबा
झरोका, सोयीबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण तुम्ही सुचवलेले उपाय जुन्या घराला महागात पडतात.

जुन्या घरात भिंतीच बहुतेक वेळा भार पेलतात. त्यांना आडवी लांब खाच मारून पाइप बसवणं म्हणजे नेमकी तिथंच भिंत पातळ करणं. फॉल्स सीलिंगच्या वर गळती किंवा वाळवी असेल तर लाकूड पोखरून झाल्यावर कळतं. उघड्या तुळईवर वाळवीची मातीची बारीक रेघ दिसली तर त्याच दिवशी इलाज करता येतो.

आता भिंतींचं. जुना गिलावा बहुधा चुन्याचा असतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कडक होतो, तरी सच्छिद्र राहतो. जमिनीतून चढलेली ओल त्यातून बाहेर पडून सुकते. त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक पेंट चढवला की ओलीची वाट बंद होते. मग ती आणखी वर चढते, खार बाहेर येतो, रंगाला फुगे धरतात, पोपडे पडतात. लोक म्हणतात, जुनी भिंत खराब आहे. खराब ती रंगानं केलेली असते. दगड-विटा मऊ आणि त्यांना जोडणारा मसाला कडक असेल तर सांधे शाबूत राहतात आणि विटाच झिजतात. म्हणून सोफा कुठलाही घ्या, पण भिंतीला चुन्याचा किंवा सिलिकेटचा, श्वास घेणारा रंग द्या. हा माझा एकमेव हट्ट आहे.

आणि जुना तैलरंग कोरड्या सँडपेपरनं घासू नका. त्यात शिसं असू शकतं. अमेरिकेनं घरगुती रंगांतलं शिसं १९७८ मध्ये बंद केलं, त्याआधी ते सर्रास वापरात होतं. आधी तपासून घ्या, धूळ उडू देऊ नका, मुलांना लांब ठेवा.

गवाक्ष
ओळंबा, तुमच्या प्रतिसादानं माझ्या मुद्द्याला आधारच मिळाला. वायर भिंतीत लपवायचीच कशाला? धातूच्या नळीतून, सरळ रेषेत, तुळईच्या कडेनं उघडी न्यावी. भिंत वाचते, दुरुस्ती सोपी होते, आणि नळी चांगल्या हातानं बसवली असेल तर दिसतेही देखणी.

इटलीतल्या व्हेरोनाच्या कास्तेलवेक्कियो संग्रहालयात वास्तुविशारद कार्लो स्कार्पा यांनी नवी फरशी जुन्या भिंतीला टेकवलीच नाही. मध्ये एक फट सोडली. नवं कुठं संपतं आणि जुनं कुठं सुरू होतं हे त्या फटीतून वाचता येतं. स्वयंपाकघराच्या कपाटांना हे तसंच्या तसं लावता येईल. पाठीमागे बोटभर जागा सोडून, पायांवर उभी केलेली सुटी कपाटं. मागे हवा खेळते, भिंतीला एक खिळा लागत नाही, आणि उद्या नको झाली तर उचलून नेता येतात. झरोका, यात सोय कुठं कमी पडते सांगा.

झरोका
साफसफाईत. त्या फटीत हात जात नाही, झुरळं मात्र जातात. रोज ओटा पुसणाऱ्याला विचारा. वायरिंगच्या नळीचं पटलं. उंबऱ्याचं काय, ते अजून कुणीच बोललं नाही.

रंधा
उंबऱ्याला हात लावू नका. दोन्ही बाजूंनी लाकडी उतार ठेवा, खाली रबराची पट्टी, वर खरबरीत पॉलिश. चौकट शाबूत राहते, पाय अडखळत नाही. फटीचंही जमेल: कपाट चाकांवर घ्या किंवा खालची पट्टी काढता येईल अशी करा. जिन्यात प्रत्येक पायरीच्या कडेला उबदार उजेड द्या, २७०० केल्विनच्या आसपासचा. थंड पांढऱ्या दिव्याखाली जुनं लाकूड राखाडी, निर्जीव दिसतं. जुन्या-नव्याचा मेळ बसत नाही अशी तक्रार होते तिथं मला पुष्कळदा दिवेच चुकलेले दिसतात.

कोनाडा
कपाटं आणि नळी मला चालेल, कारण दोन्ही काढून टाकता येतात. पण हे तत्त्व खिडक्यांपर्यंत आणू नका. खोल कोनाड्यातली झडपांची खिडकी काढून ॲल्युमिनियमची सरकती बसवली, तर तुमच्या हिशेबानं ती प्रामाणिकपणे नवीच आहे. घराचा चेहरा मात्र गेला. आणि तो परत येत नाही, कारण जुनी झडप तोवर भंगारात गेलेली असते.

रंधा
खिडकीबाबत मी तुमच्या बाजूनं. जुनी खिडकी कुजते ती बहुधा खालच्या आडव्या पट्टीत, जिथं पाणी साचतं. तेवढाच भाग कापून नवा जोडता येतो, बाकीचं लाकूड ठणठणीत असतं. वारा आणि आवाज अडवायचा असेल तर आतल्या बाजूनं काचेची वेगळी बारीक चौकट स्क्रूवर बसवा.

गवाक्ष
असं काम मला मनापासून आवडेल. फक्त तो नवा तुकडा रंगवून लपवू नका. लाकूड त्याच जातीचं, रेषा जुळवलेल्या, पण सांधा जवळून बघणाऱ्याला दिसला पाहिजे.

कोनाडा
आतल्या दाराला तसं करा. बाहेरच्या खिडकीवर मी सगळीकडे एकसारखा रंगच देईन. ऊन-पावसात उघडा सांधा पाणी पितो, आणि आज जोडलेला तुकडाच आधी कुजतो.